उघड्या तळव्याचा नियम

माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उचलला तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. सकाळचे साडेनऊ. मी पाठमोरी उभी राहून मोरीत डबा घासत होते, आणि मागून खांद्यावर असा सणसणीत तळवा बसला की डबा हातातून सुटला. वळून बघते तर अप्पा. डोळे मोठे झालेले, तोंड अर्धवट उघडं, हात अजून वरच.

"अप्पा!" मी किंचाळले. "काय झालंय काय तुम्हाला?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हात हळूहळू खाली आला आणि ते खुर्चीत जाऊन बसले. आपण कशासाठी उठलो होतो हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी खांदा चोळत उभी, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ‘क्रमांक एक, मारहाण.’ लाज वाटते, पण हाच आला.

माझं कामच ते होतं. इचलकरंजीतले माग बंद पडत गेले तसे त्याच शेडांचे पत्रे बदलून, आत एसी बसवून, संगणकांच्या रांगा लागल्या. तिथे आम्ही दीडशे बायका दिवसभर चित्रफिती बघायचो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरांतून, केंद्रांतून आलेल्या. एकेक फीत नऊ सेकंदांची. खाजगीपणा जपायचा म्हणून चेहरे पुसलेले आणि आवाज काढून टाकलेला. बघायचं आणि हे वागणं कुठल्या प्रकारातलं ते बटण दाबायचं: मारहाण, ओरडणं, भटकणं, विरोध, फेकाफेक. आता आवाज नाही, तोंड दिसत नाही, तर ओरडणं ओळखायचं कसं? मानेच्या शिरांवरून. आम्ही तरबेज झालो होतो त्यात. शेवटचं एक बटण होतं ‘इतर’. पण ते शंभरात तीनदापेक्षा जास्त दाबलं, की सुपरवायझर खुर्चीमागे हजर. "राजश्रीमॅडम, डोळे दुखतायत का?" त्यामुळे ‘इतर’ला कुणी बोटच लावायचं नाही.

आमच्या या बटणांवरूनच यंत्र शिकत होतं.

नियमावलीतला चौदावा नियम तर माझाच. दोन मुली एका फितीवरून भांडत होत्या. एका म्हाताऱ्याने सुनेच्या पाठीवर हात मारला होता. मारलं म्हणायचं, की शाबासकी दिली? मी उठून निकाल दिला. रुग्णाचा उघडा तळवा दुसऱ्याच्या अंगावर जोराने पडला, की मारहाण. कारण शोधत बसू नका, नऊ सेकंदांत कारण दिसत नाही. कंपनीला हे इतकं आवडलं की सगळ्या शाखांना तो नियम लागू झाला. मला टाळ्या मिळाल्या आणि बक्षीस म्हणून एक इस्त्री.

तर अशी मी हुशार.

अप्पा म्हणजे बाळकृष्ण भाकरे. उभ्या गावात बाळू जॉबर. मागाचा धोटा अडकला, काही तुटलं, कापडात डाग पडायला लागला, की जो धावत येऊन माग दुरुस्त करतो तो जॉबर. पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. कान त्यातच गेले. आई गेल्यावर विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग जेवलोय की नाही ते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं. माझं लग्न टिकलं नव्हतं, धाकटा भाऊ उमेश पुण्यात. त्यामुळे अप्पा माझ्याकडे, किंवा खरं म्हणजे मी अप्पांकडे.

पहिल्या थापेनंतर दिवसाला पाचसहा थापा बसायला लागल्या. मला, शेजाऱ्यांना, आणि दिवसा अप्पांना सांभाळायला येणाऱ्या पूनमला तर रोजच. पूनम रडकुंडीला आली.

"ताई, माझा खांदा बघा. हिरवा-निळा झालाय. मला घरी सुद्धा कुणी मारत नाही हो."

मग सगळ्यांची मतं सुरू झाली. आत्या म्हणाली, "म्हातारपण गं ते, सगळ्यांचंच व्हायचंय." चुलतभाऊ अप्पांसमोरच म्हणाला, "त्यांना आता काय कळतंय? बिनधास्त बोल." उमेशने फोनवर वेगळाच शोध लावला.

"ताई, मी आलो होतो तेव्हा एकदा तरी हात उचलला का माझ्यावर? नाही ना? म्हणजे माणूस बघून मारतात. कळतं त्यांना सगळं. मुद्दाम करतात."

"गप रे," मी म्हणाले. "अप्पा मारत नाहीयेत, आजार मारतोय. त्याला कारणबिरण काही नसतं."

या सगळ्या अडाण्यांत मी एकटी शहाणी, असं मला वाटत होतं. सगळ्यांत घातक वाक्य मीच बोलले होते, ते मला फार उशिरा कळलं.

कोल्हापूरच्या डॉक्टर तहसीलदार बाईंनी समजावलं होतं, नाही असं नाही. त्या म्हणाल्या, "या आजारात मेंदूचा आधी जो भाग सुकतो, तो आजच्या गोष्टी साठवणारा. सकाळी काय खाल्लं ते तिथे टिकत नाही. पण भीती, दुखणं, माया, हातांना लागलेल्या सवयी यांची ठिकाणं वेगळी. ती पुष्कळ दिवस शाबूत राहतात. म्हणजे माणसाला दुखतं, पण ‘दुखतंय’ हा शब्द सापडत नाही. मग तो वागून दाखवतो. मारतात म्हणता ना, तर मारण्याच्या आधी काय झालं होतं ते लिहून ठेवा. प्रत्येक वेळी."

"डॉक्टर, मी सहा वर्षं हेच काम करते," मी म्हणाले. थोड्या तोऱ्यातच.

वही मी आणली नाही.

पूनमने शेवटचा इशारा दिला त्या आठवड्यात आमच्या कंपनीचं यंत्र बाजारात आलं. नाव शमक. लोक नुसतं पट्टी म्हणायचे. कानामागे चिकटणारी काडेपेटीएवढी चपटी डबी आणि मनगटात एक कडं. कर्मचारी म्हणून मला ती आधी मिळाली. बसवायला मेधा नावाची इंजिनिअर आली. चांगली होती पोरगी, मी विचारेन ते सगळं सांगत होती.

"माणूस चिडतो ना, त्याच्या साधारण चाळीस सेकंद आधी मेंदूच्या लहरी बदलायला लागतात. पट्टी त्या लहरी वाचते, कडं हाताची हालचाल वाचतं. तुम्ही लोकांनी लाखो फितींवर खुणा केल्यात, त्यावरून तिला कळतं की आता काय होणार. मग ती ध्वनीचे बारीक झटके आत सोडते. कानाला ऐकू न येणारे. मेंदूत खोलवर एक बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची घंटा वाजवतो. तो थोडा वेळ मंद होतो. उचललेला हात खाली येतो. झालं."

"आणि काढली तर?"

"पाऊण तासात पहिल्यासारखे. काही कायमचं नाही."

"दुखत नाही ना त्यांना?"

"अजिबात नाही."

अप्पांनी पट्टी लावून घेताना मान तिरकी केली, न्हाव्यापुढे बसल्यासारखी. मला गलबलून आलं. पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं.

आणि काय सांगू, जादूच झाली. पहिल्या दिवसापासून थाप बंद. हात उचलायचे, खांद्याएवढा वर न्यायचे, आणि तो तसाच खाली यायचा. माझ्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा: शमन यशस्वी. दिवसाला दहा-बारा. पूनम गाणी म्हणत काम करायला लागली. आत्या येऊन म्हणाली, "बघ, चेहरा कसा शांत झालाय." उमेश पुण्याहून व्हिडिओवर त्यांना बघून रडला. मी सात तास सलग झोपायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी खूश होते. ते नाकारून काय उपयोग?

अप्पा दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. आम्ही त्याला शांत म्हणत होतो.

चार महिने असे गेले. मग एका बुधवारी दुपारी रसूलचाचा आले. रसूल मुल्लाणी, अप्पांच्याच शेडमधले माग चालवणारे, तीस वर्षांचे सोबती. गुडघे गेलेले, नातवाने रिक्षातून आणून सोडलं. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. चाचा अप्पांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. दोघेही बहिरे, बोलणार काय! नुसते हातात हात घालून बसले. थोड्या वेळाने अप्पांचा उजवा हात उठला. खांद्यापर्यंत गेला. खाली आला. चाचा बघत होते. परत उठला, परत खाली आला.

"पोरी," चाचांनी मला हाक मारली. बहिऱ्या माणसाची हाक, गल्लीभर ऐकू जाईल अशी. "ह्यो बोलवालाय आन् मधीच का थांबालाय गं?"

"बोलवत नाहीत चाचा," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "मारायला उठतात. आता पट्टी आहे म्हणून थांबतात."

"मारतोय?" चाचा हसलेच. "बाळू मारतोय? अगं, शेडात चोवीस माग एकदम चालत्यात. हाका मारून घसा फाटला तरी शेजारच्याला ऐकू जाईल का? कुणाला बोलवायचं झालं की मागनं जायचं आन् खांद्यावर हाणायचं. आन् जोरात हाणायचं. मागाच्या हादऱ्यानं समदं अंगच थरथरत असतंय, हलकी थाप मारली तर कळतच न्हाई. मला तीस वर्सं ह्यानं असंच बोलिवलंय. तू न्हवं का डबा घिऊन यायचीस? बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं. सात-आठ वर्षांची मी, हातात डबा, शेडच्या दारात उभी. आत नुसता खडखडाट, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यांवर धाडधाड हात मारतायत, वळतायत, बोटांनी खुणा करतायत, हसतायत. त्यात कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. आणि मी त्याच शेडमध्ये, नव्या पत्र्याखाली एसीत बसून नियम लिहिला होता.

उमेश अप्पांना नेहमी समोर बसून भेटायचा. म्हणून त्याला कधी थाप बसली नाही. आम्ही कामात असायचो, पाठमोऱ्या. पाठमोऱ्या माणसालाच थाप मारून बोलवावं लागतं. एवढं साधं होतं ते.

चाचा गेल्यावर मी अप्पांच्या कानामागे हात नेला. पट्टीची कडा नखाने उचललीसुद्धा. तेवढ्यात पूनम आतून आली.

"ताई, काढणार असाल तर आधी सांगा. मी उद्यापासून येत नाही."

"अगं, ते मारत नाहीत, बोलवतात."

"माझा खांदा सुजतो तेव्हा तो बोलवण्याने सुजतो का मारण्याने, हे मी बघत बसू?"

तिचं काय चुकलं? आणि माझं ऑफिसात त्या आठवड्यात तपासणीचं काम होतं, सुट्टी मिळणार नव्हती. दुसरी बाई शोधायला वेळ लागला असता. मी मनाशी म्हणाले, चार महिने गेलेच आहेत, आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय? रविवारी मी घरी असेन, निवांत काढू, नीट बघू. कडा परत दाबून बसवली.

हे मी केलं. कुणी माझा हात धरला नव्हता.

गुरुवारी हिरवे ठिपके एकोणतीस झाले. शुक्रवारी सदतीस. मी मुद्दाम मोजले, कारण मला वाटलं, आजार वाढतोय आणि बिचारी पट्टी किती काम करतेय बघा. अप्पांनी भाकरी बाजूला सारली. शनिवारी एकदा उलटी झाली. पूनम म्हणाली, दही आंबट होतं. मी पित्ताची गोळी दिली. तोंडाने ते काहीच म्हणाले नाहीत. कपाळावर घाम होता, तो मी पदराने पुसला. चेहरा शांत होता.

रविवारी सकाळी आठ वाजता मी पट्टी काढली. कडंही काढलं. मग मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून, खाली बसून शेंगा सोलायला लागले. घड्याळ समोर होतं. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. मागे खुर्ची करकरली.

थाप बसली. मग दुसरी. मग तिसरी, इतक्या जोरात की मी पुढे झुकले.

मी वळले आणि त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले, "बोला अप्पा. मी बघतेय."

त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. त्यांनी माझं मनगट पकडलं, माझा हात ओढला आणि लेंग्यावरून आपल्या जांघेवर नेऊन ठेवला. मान दुसरीकडे फिरवली. लेकीचा हात तिथे न्यायचा म्हणजे त्या माणसाला काय वाटलं असेल! आम्ही त्यांना अंघोळसुद्धा चड्डीवरच घालायचो, मी काय आणि पूनम काय. ते दुसरं काही चालूच द्यायचे नाहीत. हाताला लिंबाएवढी गाठ लागली. दगडासारखी टणक, आणि चटका बसेल इतकी गरम.

"राजे," अप्पा म्हणाले. "हितं."

चार महिन्यांतले पहिले शब्द.

दवाखान्यात ऑपरेशनची तयारी होईपर्यंत दोन तास लागले. तेवढा वेळ अप्पा जे ओरडले, ते मी लिहू शकत नाही. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघत होता. नर्सने माझ्या पिशवीतली पट्टी पाहिली.

"शमक आहे ना तुमच्याकडे? मग लावा ना ताई. बाकीच्या पेशंटना त्रास होतोय."

उमेश फोनवर रडत होता. "लाव गं ती. हाल बघवत नाहीत त्यांचे."

"हाल होतायत म्हणूनच ओरडतायत ते!" मी दोघांवरही खेकसले. "दुखण्याचं इंजेक्शन द्या. दुखणं थांबवा, तोंड नाही."

इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत अप्पा गप्प झाले. माझा हात मात्र सोडला नाही.

सर्जन तरुण होता, बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. हर्निया जुना, म्हणाला. आतडं त्यात अडकून पिळलं गेलं, रक्त जायचं बंद झालं, काळं पडून फुटलं. सगळ्या पोटात विष पसरलंय.

"बुधवार-गुरुवारपासून हे चालू असणार. मला कळत नाही, इतक्या दुखण्यात माणूस गप्प राहिला कसा?"

"बुधवारी आणलं असतं तर?"

तो चष्मा पुसायला लागला. "अर्ध्या-पाऊण तासाचं ऑपरेशन होतं," तो म्हणाला.

अप्पा मंगळवारी दुपारी गेले.

बुधवार दुपारपासून रविवारी सकाळपर्यंत पट्टीने एकशे त्रेचाळीस वेळा त्यांना गप्प केलं होतं. एकशे त्रेचाळीस वेळा माझ्या बापाने आम्हाला बोलावण्यासाठी हात उचलला होता. पट्टीने दुखणं घेतलंच नव्हतं, ते सगळं त्यांच्यापाशीच होतं. फक्त ते कुणाला दाखवायची धडपड तेवढी मारून टाकली होती. मी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मात्र तपासणीत यंत्रात कोणताही बिघाड आढळला नाही, यंत्राने नियमावलीनुसार काम केलं आहे. खरंच होतं ते. बिघाड नव्हताच. मी सुपरवायझरला म्हणाले, ‘हाक’ नावाचं एक बटण घाला, नाहीतर चौदावा नियम तरी काढा. तो म्हणाला, "मॅडम, नियम काढला तर खरोखर मार खाणाऱ्या बायकांनी काय करायचं?" मी नोकरी सोडली, ते काही शौर्य नव्हतं. माझ्याने बटण दाबवतच नव्हतं.

पण त्याआधी, अप्पा गेल्यावर पाचव्या दिवशी, गल्लीतल्या बायका भेटायला बसल्या होत्या. आत्या सगळ्यांना सांगत होती, "काय शांत गेला बाई माझा भाऊ. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही."

"शांत नाही गेले!" मी अशी ओरडले की सगळ्या दचकल्या. "तडफडत गेले. चार दिवस बोलवत होते आम्हाला. मी त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं. ऐकताय का? मी!"

कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कुणीतरी पाणी आणलं. आत्या हळूच म्हणाली, "धक्का बसलाय तिला." त्यांनी माझं जे वागणं पाहिलं, त्याचं कारण त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी समोरच्या घरातल्या मालनवहिनी एकट्याच परत आल्या. त्यांच्या सासूबाई, गंगूमावशी, दोन वर्षांपासून याच आजाराने अंथरुणावर आहेत. दिवसभर ओरडतात. गल्लीला सवय झाली आहे.

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "राजश्री, वाईट वाटून घेऊ नकोस. ती पट्टी आता पडूनच असेल ना गं?"

मला वाटलं, हिच्या अंगावर धावून जावं. पण मी तिला आत ओढलं, बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. थाप, चाचा, रविवार, काळं पडलेलं आतडं. वहिनी ऐकत होत्या. रडल्या. नाक पुसलं.

"पटतंय गं मला," त्या म्हणाल्या. "पण दुपारचे दोन तास दे. फक्त दोनच तास. मी दोन वर्षं झोपले नाही. परवा उशी हातात घेऊन उभी होते त्यांच्यापाशी. का उभी होते, ते मला नको विचारूस."

त्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला दिसलं, की पट्टीची कडा परत दाबून बसवताना माझे डोळे असेच असणार.

"पट्टी देणार नाही," मी म्हणाले. "दोन तास मी येते."

दुसऱ्या दिवसापासून दोन ते चार मी गंगूमावशींपाशी बसते. वहिनी आतल्या खोलीत मेल्यासारख्या झोपतात. मावशी ओरडतात. एकच एक लांबलचक ओरडणं, मध्ये दम लागला की थांबतात, परत सुरू. मी त्यांच्या समोर, त्यांना दिसेन अशी बसते. वही घेतली आहे. ओरडण्याच्या आधी काय झालं, ते लिहिते. पंखा लावला, पंखा बंद केला, उजव्या कुशीवर वळवलं, कुणी दार आपटलं. वहिनींची परवानगी घेऊन कपडे काढून सगळं अंग तपासलं. पाठीवर जखम नाही. पोट मऊ आहे. लघवी साफ होते. तोंड उघडून एकेक दात बोटाने दाबून बघितला, तेव्हा मला कडकडून चावल्या. पण चावल्या त्या मी बोट घातलं म्हणून, दात दुखतो म्हणून नाही. तेही लिहिलं. डॉक्टर तहसीलदार बाई येऊन गेल्या, रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. अप्पांसाठी मी यातलं काहीही केलं नव्हतं, हे रोज दोन ते चार मला कळत राहतं.

आज सतरावा दिवस. कारण अजून सापडलेलं नाही. कदाचित सापडणारही नाही, बाई तसं म्हणाल्याच आहेत. मावशी ओरडतायत.

उद्या कान बघायचे आहेत.